फोनवरची समुपदेशक बदलायची असेल तर

(हा पाठ मासिक बैठकीत मोठ्यानं वाचावा. ज्या सख्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लेखनिकेनं सावकाश वाचावा, मध्ये थांबून बोलू द्यावं.)



मागच्या पाठात आपण मनाच्या दुखण्यासाठी फोनवरून किंवा मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलवरून मदत कशी घ्यायची ते पाहिलं. त्यानंतर तीन-चार गटांतून जवळजवळ एकच प्रश्न आला. "ताई, फोन केला होता. पण त्या मॅडमशी काही जमलं नाही. आता काय करायचं?" त्यातल्या एकीनं तर स्वतःच उत्तरही देऊन टाकलं होतं, "आपल्यासारख्यांसाठी नसतंय ते."

त्या उत्तरासाठीच हा पाठ लिहिते आहे. कारण तेच उत्तर मीही एकदा स्वतःला दिलं होतं आणि त्यापायी माझे पाच महिने गेले.

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हाची गोष्ट. त्यानं स्वतःच जीव दिला. मी तेव्हाही प्रभाग संघाचे हिशेब बघत होते. दिवसभर रजिस्टर लिहायचे, बेरजा बरोबर यायच्या, आणि रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडे. भाच्यानं मोबाइलवर एक ॲप घेऊन दिलं, पैसे भरले, एक समुपदेशक मिळाली. बाई वाईट नव्हती. पण तिसऱ्या कॉलला म्हणाली, "ताई, किती दिवस रडणार? आता मुलांमध्ये मन गुंतवा." मी "हो मॅडम" म्हणाले. तुम्हाला माहीतच आहे, आपण "हो मॅडम" किती पटकन म्हणतो. फोन ठेवला तो ठेवलाच. पुढचे पाच महिने मी कुणाशी बोलले नाही. मला वाटलं, दोष माझाच आहे, मला बोलताच येत नाही.

शेवटी गटातलीच एक जाऊबाई म्हणाली, "एका शिंपिणीनं ब्लाउज बिघडवलं म्हणून तू ब्लाउज घालायचं सोडलंस का गं?"

दुसरी समुपदेशक मी त्यानंतर शोधली. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "भावाला खायला काय आवडायचं?" मी अर्धा तास नुसती शेंगोळ्यांबद्दल बोलत होते. त्या रात्री झोप लागली असं नाही. पण पुढच्या आठवड्यात मी आपणहून फोन केला.

जमणं म्हणजे नक्की काय?

समुपदेशनात औषधाची बाटली नसते, सुई नसते. तिथे काम करतं ते दोन माणसांमधलं नातं. एडवर्ड बोर्डिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले होते, ते आजही शिकवले जातात. पहिला भाग म्हणजे दोघांमधला विश्वास. दुसरा, आपल्याला कुठे पोचायचं आहे त्याबद्दल दोघांचं एकमत. आणि तिसरा, तिथे पोचण्यासाठी काय काय करायचं त्याबद्दल एकमत.

हे तीन भाग लक्षात ठेवा, कारण "जमलं नाही" म्हणजे यातलं काय जमलं नाही ते त्यावरून कळतं. समजा तुम्हाला झोप यावी एवढंच हवं आहे, पण समोरची दर वेळी नवऱ्याशी संबंध सुधारण्यावर येते. तिथे माणूस चांगलं आहे, पण पोचायचं ठिकाण वेगळं आहे. किंवा ती सांगते, "रोज डायरी लिहा," आणि तुम्हाला सहीपुरतंच लिहिता येतं. तिथे काम चुकीचं निवडलं आहे. हे दोन्ही सांगून सुटतं. "मॅडम, मला लिहिता येत नाही, बोलून किंवा दुसऱ्या कशानं होईल का?" एवढं विचारलंत तर चांगली समुपदेशक लगेच वाट बदलते. पण विश्वासच बसत नसेल, आपल्याला ही हसते आहे किंवा कीव करते आहे असं दर वेळी वाटत असेल, तर ते सांगूनही बऱ्याचदा सुटत नाही.

काटा काढताना दुखतं, तेही खरं

आता जरा कटू बोलते. प्रत्येक दुखणं म्हणजे समुपदेशक वाईट असं नाही. पायात काटा गेला आणि कुणी सुईनं काढायला लागलं तर दुखतंच. सुई चुकीच्या जागी टोचली तरी दुखतं. दोन्हीतला फरक कसा ओळखायचा?

समजा समुपदेशकानं विचारलं, "गटातून घेतलेलं कर्ज दर वेळी घरातले दुसरेच वापरतात आणि हप्ता तुम्ही भरता. तुम्ही नाही का म्हणत नाही?" तुम्हाला राग आला. फोन आपटावासा वाटला. पण दोन दिवस भाकरी थापताना तोच प्रश्न डोक्यात फिरतो आहे, आणि कुठेतरी वाटतं आहे की बोलली ते खरं बोलली. हा काटा काढतानाचा त्रास. इथे लगेच माणूस बदललंत तर दुसरीपण कधीतरी त्याच जागेवर येईल, मग तिसरीकडे जाल.

उलट तिनं म्हटलं, "बाईच्या जातीला थोडं सहन करावंच लागतं." हे ऐकून तुम्ही स्वतःच्या नजरेत आणखी लहान झालात, पुढच्या कॉलच्या आदल्या दिवसापासून पोटात गोळा यायला लागला, आणि ही गोष्ट तिला सांगायचीही भीती वाटते. ही सुई चुकीच्या जागी आहे.

माझं स्वतःचं मत असं की साधारण तीन कॉल द्यावेत. पहिल्यात दोघीही बिचकलेल्या असतात. दुसऱ्यात ओळख होते. तिसऱ्या कॉलनंतर स्वतःला विचारायचं, "मी हिला खरं सांगते का, की हिला बरं वाटेल ते सांगते?" हा काही नियम नाही. माझ्या बाबतीत तिसऱ्या कॉललाच कळलं होतं, पण ते मान्य करायला पाच महिने लागले.

माणूस बदलायचं की वेळ बदलायची?

हा भाग आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे आणि शहरातल्या माहितीपत्रकांत तो नसतो.

आपल्यातल्या किती जणींकडे स्वतःचा फोन आहे? बैठकीत हात वर करा. घरात एकच फोन, तोही मुलाच्या अभ्यासाचा किंवा मालकांच्या खिशातला. रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळ. दुपारी बोलायला बसलं की सासूबाई पलीकडच्या खोलीत जाग्या. अशात तुम्ही "हो", "नाही", "बरंय" एवढंच बोलता. समुपदेशकाला वाटतं ही बाई मोकळी होत नाही, तुम्हाला वाटतं हिला माझं कळत नाही. चूक दोघींचीही नसते.

माझ्या दुसऱ्या समुपदेशकालाही मी सोडणार होते. व्हिडिओवर चित्र अडकायचं, मी रडत असले की तिचं तोंड हसताना थांबलेलं दिसायचं. मला वाटायचं ही माझ्यावर हसते. मग तिनंच सुचवलं, व्हिडिओ बंद करू, नुसतं बोलू. तेवढ्यानं काम झालं.

म्हणून बदल मागण्याआधी हे पाहून घ्या: व्हिडिओऐवजी साधा कॉल चालेल का, वेळ बदलता येईल का (मुलं शाळेत गेल्यावर, किंवा शेतात एकटी असताना), कानात लावायची वायर मिळेल का, म्हणजे निदान समोरचीचं बोलणं बाहेर ऐकू जाणार नाही. समुपदेशकाबरोबर एक खुणेचा शब्दही ठरवून ठेवा. "खताचं विचारायचं होतं" असं म्हटलं की समजायचं, कुणीतरी आलं, आता फोन ठेवते. फोन दुसऱ्याचा असेल तर मेसेज पाठवू नका असं आधीच सांगा. घरात मारहाण होत असेल तर हे सगळं आणखी जपून करा, कारण कॉलची नोंद फोनमध्ये राहते.

एवढं करूनही बोलता येत नसेल, तर मग माणूस बदलायचं.

काही कारणं अशी असतात की त्यात कुणाचाच दोष नसतो, तरी बदल मागणं योग्य असतं. समोर पुरुष आहे आणि तुमचा त्रास त्याच्याजवळ बोलण्यासारखा नाही. बोली जुळत नाही: तुम्ही अहिराणी किंवा वऱ्हाडीत मोकळ्या होता आणि समोरून पुस्तकातली मराठी येते. किंवा समुपदेशक तुमच्याच तालुक्यातली निघाली, तुमच्या नणंदेच्या ओळखीची. अशा वेळी लाजायचं नाही. पहिल्याच कॉलला सांगा.

आणि जिथे एक मिनिटही थांबायचं नाही

समुपदेशकानं आडनाव ऐकून बोलण्याची पद्धत बदलली. तुमचं बोलणं दुसऱ्या कुणाला सांगितलं. स्वतःच्या खात्यावर उसने पैसे मागितले. रात्री-अपरात्री खासगी मेसेज केले, व्हिडिओवर नको ते दाखवायला सांगितलं, किंवा भेटायला बोलावलं. मारहाण करणाऱ्या घरात "जुळवून घ्या" म्हणून परत परत सांगितलं. यातलं काहीही झालं तर तीन कॉलचा हिशेब लागू नाही. फोन ठेवा. कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. मेसेज पुसू नका, पुरावा म्हणून लागतात. पुसले नाहीत तर घरात धोका होईल असं असेल, तर आधी ते विश्वासातल्या सखीच्या फोनवर पाठवून ठेवा. मारहाणीसाठी महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

गुप्ततेबद्दल एक खुलासा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती गुप्त राहणं हा तिचा हक्क आहे. पण कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर समुपदेशकाला ते पुढे कळवावं लागू शकतं. हे तिनं सुरुवातीलाच सांगायला हवं. नियमाप्रमाणे तिनं असं पुढे कळवलं तर त्याला विश्वासघात समजू नका.

सांगायचं कसं?

आपल्याला सगळ्यात अवघड वाटतं ते हेच. आपण ग्रामसभेत सरपंचाला जाब विचारतो, बँकेच्या साहेबाशी कर्जासाठी भांडतो, पण गोड बोलणाऱ्या मॅडमना "नको" म्हणायला जीभ उचलत नाही. तिला वाईट वाटेल, तिनं एवढं ऐकून घेतलं, असं मनात येतं. पण आपल्याशी जुळेल अशा माणसाकडे जाणं हे या कामात नेहमीचंच आहे. चांगली समुपदेशक कधीकधी आपणच म्हणते, "या त्रासासाठी माझ्यापेक्षा अमुक जास्त उपयोगी पडतील."

साधं वाक्य पुरतं: "मॅडम, तुम्ही वेळ दिलात, बरं वाटलं. पण मला दुसऱ्या कुणाशी बोलून बघायचं आहे. तुम्ही कुणाचं नाव सुचवाल का?" कारण विचारलं तर एका वाक्यात सांगा, नाहीतर "मला तसं वाटतं" एवढंही चालतं. तोंडावर सांगणं अगदीच जमत नसेल तर ॲपवर बहुधा मदतीचा किंवा बदल मागण्याचा पर्याय असतो, संस्थेच्या कार्यालयातही सांगता येतं. डॉक्टर फोनवरून बघत असतील तर केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे की रुग्णाला तो सल्ला कुठल्याही टप्प्यावर थांबवता येतो.

सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तिथे आधी समुपदेशक बोलतात आणि गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. तिथे फोन उचलणारी व्यक्ती दर वेळी तीच असेल असं धरून चालू नका. याचा तोटा असा की पुन्हा थोडं सांगावं लागतं. फायदा असा की एका व्यक्तीशी नाही जमलं तर पुन्हा फोन लावला की दुसरं कुणी भेटू शकतं. "मला बाईंशी बोलायचं आहे" असं सुरुवातीलाच म्हणून बघा. आणि एका फोनवरून सगळ्या सेवेला नावं ठेवू नका.

पैसे भरून ॲपवर जाणार असाल तर भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: समुपदेशक बदलली तर उरलेल्या कॉलचे पैसे पुढे धरतात का, आणि मुळीच नको असेल तर परत देतात का. उत्तर मेसेजमध्ये घ्या आणि फोटो काढून ठेवा. पाच-दहा कॉलचं पॅकेज एकदम घेऊ नका, आधी एकच घ्या. पैशांची फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. (यासाठी गटातून कर्ज काढू का असं एकीनं विचारलं होतं. आधी १४४१६ लावून बघ, असं मी तिला म्हटलं.)

नव्या समुपदेशकाला शिक्षण विचारायलाही संकोच करू नका. डॉक्टर असेल तर नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. नुसत्या "समुपदेशक" या पाटीवरून शिक्षण कळत नाही, ते विचारूनच कळतं.

दप्तर सोपवतो तसं

गटाची लेखनिका बदलली की आपण काय करतो? जुनं दप्तर नवीला देतो, शिल्लक किती, कुणाचा हप्ता थकला आहे ते सांगतो. पहिल्या दिवसापासूनचा हिशेब ती नव्यानं मांडत बसत नाही. इथेही तसंच करा. वहीचं एक पान घ्या. त्रास कधीपासून आहे, एक-दोन ओळींत काय झालं, आधीच्या समुपदेशनात कशानं बरं वाटलं, कशानं नाही, आता काय हवं आहे. लिहिता येत नसेल तर विश्वासातल्या सखीकडून लिहून घ्या, किंवा फोनमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. तुमच्या उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्क तुम्हाला त्याच २०१७ च्या कायद्यानं दिला आहे. जुन्या समुपदेशकानं नवीशी परस्पर बोलावं की नाही, ते मात्र तुम्ही ठरवायचं.

नव्या ताईला सगळी कथा पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही. ज्या जखमेवर जेमतेम खपली धरली आहे ती पुन्हा उघडू नका. "ते नंतर सांगीन" म्हणा. आधीचीशी का नाही जमलं ते मात्र जरूर सांगा, म्हणजे ही तीच चूक करणार नाही. मी सांगितलं होतं, "रडू नका असं म्हणू नका." ती म्हणाली, "बरं, नाही म्हणणार." आणि खरंच कधी म्हणाली नाही.

आता जे विसरायचं नाही ते. झोपेच्या, उदासीच्या गोळ्या सुरू असतील तर समुपदेशक बदलली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. गोळ्या देणारे डॉक्टर वेगळे असतात, ते तेच राहू शकतात. गोळ्या एकदम थांबवल्या तर त्रास उलटतो, कमी करायच्या तर डॉक्टरांना विचारूनच. चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवा. आणि जुनी सोडली, नवी अजून मिळाली नाही, हा मधला काळ धोक्याचा असतो. माझे पाच महिने तिथेच गेले. म्हणून जुनीला "नको" म्हणायच्या आधी किंवा त्याच दिवशी नवीची वेळ ठरवा. मधल्या दिवसांत जीव नकोसा वाटला तर वेळ ठरायची वाट बघू नका, १४४१६ लावा, आणि गटातल्या एका तरी सखीला तोंडानं सांगा, "आज मला एकटं सोडू नका."

बैठकीत करायचं काम

दोघी-दोघींच्या जोड्या करा. एक समुपदेशक मॅडम होईल, खूप गोड बोलेल, मुळीच सोडणार नाही. दुसरीनं तिला सांगायचं आहे: "मला दुसऱ्या कुणाशी बोलायचं आहे." मग अदलाबदल करा. पहिल्यांदा हसू येईल, येऊ द्या. वाक्य मनात नको, तोंडातून बाहेर पडलं पाहिजे. कुणाचा आवाज कुठल्या शब्दावर अडकला ते एकमेकींना सांगा. स्वतःचा त्रास सांगायची सक्ती कुणावरही करू नका, आणि बैठकीत निघालेलं कुणाचंही बोलणं इतिवृत्तात लिहू नका. लेखनिकेनं इतिवृत्तात फक्त एवढंच लिहावं की पाठ वाचला, आणि १४४१६ हा नंबर सगळ्यांनी उतरवून घेतला. फोन दुसऱ्याच्या हातात जाणारा असेल तर नंबर फोनमध्ये नको, पासबुकाच्या मागच्या पानावर लिहा.